गुरुजी उठणार होते

लिफ्टवाल्याला चर्चच्या कमिटीत कुणी काही विचारत नसे, तरी तो उत्तर द्यायचा. त्याची बायको म्हणायची, तुमच्यासमोर नुसता खांब उभा केला तरी तुम्ही त्याला चार गोष्टी सुनावाल. हे त्याला पटायचंही. पटायचं ते नेहमी सुनावून झाल्यावर.

त्या दिवशी विषय साधा होता. चर्चमधला लहान मुलांचा रविवारचा वर्ग वर्षानुवर्षं घेणारे गुरुजी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात वारले होते. ‘वारले’ असं अर्थात कमिटीत कुणी म्हटलं नाही. “आपले गुरुजी प्रभूमध्ये झोपी गेले,” चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक म्हणाले, सगळ्यांनी माना खाली घातल्या, पुरेसा वेळ खाली ठेवल्या, आणि मग प्रश्न आला की ईस्टरचा धडा आता घ्यायचा कुणी. खजिनदार म्हणाले, धडा कशाला, अंडी रंगवू, चॉकलेटचे ससे वाटू, पोरं खूश.

झालं. लिफ्टवाला उभा राहिला.

“अंडी? प्रभू काय अंड्यातून बाहेर आला? आणि हा ससा कुठून घुसला मध्येच? शिष्यांत होता का एखादा ससा? पोरांना विचारा ईस्टर म्हणजे काय. चॉकलेट म्हणतात चॉकलेट! अहो, मेलेला माणूस कबरेतून बाहेर आला! ह्याच्यापुढे जगातल्या सगळ्या बातम्या फिक्या. आणि आपण पोरांच्या हातात काय ठेवतो? ससा! लाज वाटायला हवी.”

पाळक शांत माणूस. लोकांना गप्प करण्याची त्यांची रीत निराळी होती. ते लोकांशी सहमत व्हायचे.

“अगदी मनातलं बोललात,” ते म्हणाले. “मग हा धडा तुम्हीच घ्या.”

लिफ्टवाला बसला. त्या खोलीत तो आपणहून खाली बसल्याची ही पहिलीच वेळ असावी. खजिनदारांनी तोंडावर हात ठेवून खोकल्यासारखं केलं.

घरी बायकोनं चेहरा पाहूनच ओळखलं. “काय घेऊन आलात अंगावर?”

“ईस्टर.”

“सगळा?”

“मुलांपुरता.”

“तुम्हाला आपली भाची घरी आली की दोन तासांत डोकेदुखीची गोळी लागते,” बायको म्हणाली. “वीस-बावीस पोरं आहेत तिथं. गोळ्यांचं पाकीटच आणून ठेवू?”

लिफ्टवाल्यानं तयारी मात्र कसून केली. बायबलातल्या चारही शुभवर्तमानांतली येशूच्या कबरेची हकिगत वाचली आणि वाचून चिडला. एकात देवदूत एक, दुसऱ्यात दोन. बायका कुठं दोन, कुठं तीन. चौघांना मिळून एक गोष्ट धड सांगता येऊ नये? त्याच्या धंद्यात असा रिपोर्ट दिला असता तर साहेबानं तोंडावर फेकला असता. आपण हीच गोष्ट अशी सांगू की पोरं जन्मात विसरणार नाहीत, असं त्यानं ठरवलं. ते शब्दशः खरं ठरलं. माणसानं काय ठरवावं ह्याचा जरा विचार करून ठरवावा.

धडा ईस्टरच्या आधीच्या रविवारी होता. वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरायचा. एका कोपऱ्यात आवाज गेलेली बाजाची पेटी, भिंतीला लागून बुटक्या खुर्च्या, आणि समोर गुरुजींचा कापडी फळा. त्यावर चिकटवायची कापडी माणसं गुरुजींनी स्वतः कातरलेली. एका शिष्याचा पाय उसवला होता आणि देवदूत धुऊन धुऊन विटला होता. लिफ्टवाल्यानं ते सगळं गोळा करून पेटीवर ठेवलं. त्याला कापडाची माणसं नको होती. त्याला सत्य हवं होतं, तेही खडूनं, मोठ्या अक्षरात. त्यानं लिहिलं: पुनरुत्थान.

पुढच्या रांगेतला जाड भिंगांचा मुलगा अक्षरं लावू लागला. “पुन... रु... उद्यान.”

“बाग?” मागून कुणी विचारलं.

“बागेत गेला येशू?”

“झोपाळा होता?”

“बाग नव्हे!” लिफ्टवाला ओरडला, आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की कबर खरोखरच बागेत होती, आणि पोरं त्याच्यापेक्षा जवळ पोचली आहेत. त्यानं घाईघाईनं शब्द पुसला. “सोडा तो शब्द. सोपं सांगतो. येशू उठला.”

“झोपला होता?”

“हं... तसंच समजा.”

“कुणी उठवलं? आईनं?”

“माझी आई पांघरूण ओढते.”

“माझी आई पाणी मारते.”

“माझी आई बाबांना पण मारते.”

वर्ग हातचा चालला होता. लिफ्टवाल्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि जे करायला नको होतं ते त्याला सुचलं. तो टेबलावर आडवा झाला. टेबलक्लॉथ डोक्यापर्यंत ओढून घेतला. “मी येशू. ही कबर. हा बाक म्हणजे दगड, लावा दारात!” पोरांनी बाक लावला. खोली चिडीचूप. “पहिला दिवस,” तो कापडाखालून म्हणाला. “काही नाही. दुसरा दिवस. काही नाही. तिसरा दिवस...” आणि ताडकन उठला. बाक कलंडला, टेबलक्लॉथ त्याच्या खांद्यावर, पोरं किंचाळली, टाळ्या, शिट्ट्या. गुरुजींच्या वर्गात शिट्टी कधी वाजली नव्हती.

माणसाला टाळी चढली की दारूची गरज राहत नाही. लिफ्टवाला पेटला. “आणि उठल्यावर काय मागितलं असेल सांगा? खायला! म्हणाला, काही आहे का खायला? मासा दिला, तो खाल्ला. भूत असतं तर खाल्लं असतं का? सांगा, भूत चावतं का?”

“नाऽऽही!”

तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. समोरचे दोन दात पडलेली, सात वर्षांची, गुरुजींची नात. चर्चमध्ये सगळे तिला वकीलीण म्हणत, कारण तिच्या प्रश्नाला उत्तर दिलं की प्रकरण मिटायचं नाही, पुढची तारीख पडायची.

“काका, झोपलेले सगळे उठतात?”

“प्रभूमध्ये जे जे झोपतात ते सगळे उठतात!” टेबलक्लॉथ खांद्यावरच होता.

“तिसऱ्या दिवशी?”

“हो!”

“पण एखाद्याचा तिसरा दिवस होऊन गेला असेल तर?”

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं टेबलावरून खाली उतरून ह्या मुलीकडे नीट बघितलं असतं. लिफ्टवाला अजून टाळीत होता.

“मग ईस्टरला! ईस्टर असतो कशासाठी? उठण्यासाठी!”

वकिलिणीनं मान हलवली, जशी एखादी तारीख पक्की झाल्यावर हलवतात, आणि खाली बसली. पुढचा प्रश्न आला नाही. ह्याचाच त्यानं धसका घ्यायला हवा होता. त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं, “वकिलिणीला गप्प केलं आज. पहिल्यांदा.”

*

आठवड्याच्या मध्यावर तो एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टच्या दुरुस्तीसाठी खड्ड्यात उतरला होता. लिफ्टचा डबा जिथवर येतो त्याच्याही खाली हा खड्डा असतो. ग्रीस, धूळ आणि लोकांच्या हातून निसटलेल्या वस्तू. तो गुडघ्यावर बसून डब्याचा धक्का झेलणारी बफरची स्प्रिंग पुसत होता, तेवढ्यात वर उघड्या दारात दोन पाय येऊन थांबले.

“तुमच्या घरून पत्ता घेतला,” पाय म्हणाले. “काय सांगितलंत माझ्या मुलीला?”

वकिलिणीची आई. गुरुजींची मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, आणि समोरच्याला नेमकं काय दिसत नाही हे तिला चटकन कळायचं.

“ईस्टरचा धडा,” लिफ्टवाला खालून म्हणाला. “का? आवडला नाही तिला?”

“फार आवडला. बाबांच्या पलंगावर नवी चादर घातलीय. त्यांचा शर्ट मला इस्त्री करायला लावला. त्यांचे कपडे द्यायला काढले होते, ते पिशवीतून परत कपाटात गेले. त्यांच्या खुर्चीत कुणाला बसू देत नाही. काल शेजारीण बसली तर म्हणाली, रविवारपर्यंत बसा, मग आजोबांना लागेल.”

लिफ्टवाल्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. पहाटेची ईस्टरची उपासना दरवर्षी दफनभूमीतच होत असे. सगळी मंडळी तिथं जमणार, सूर्य उगवताना गाणार. आणि ही पोरगी आजोबांच्या कबरेपाशी उभी राहणार, चादर घातलेल्या पलंगाचा हिशेब मनात धरून.

“अहो, पण मी म्हणालो उठतील,” तो चाचरत म्हणाला. “झोपले असं कुणी सांगितलं तिला?”

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलतानाच कळलं. नेहमीप्रमाणे.

“मी सांगितलं,” ती म्हणाली. “रात्री जेवून झोपले, सकाळी उठले नाहीत. ती त्यांना हलवत होती. काय सांगायचं होतं मी त्या वेळी? पाळकांनी पण तेच सांगितलं. सगळ्या चर्चनं तेच सांगितलं. झोपले एवढंच होतं तोवर ती शांत होती. तुम्ही त्यांना उठवायची तारीख दिलीत.”

“मी समजावतो तिला.”

“समजावाच. मला नाही जमत. रविवारच्या आत सांगा, काय ते खरं सांगा. नाहीतर रविवारी त्यांना उठवून दाखवा, दोन्हीपैकी एक.” पाय वळले, पुन्हा थांबले. “आणि टेबलावर चढून सांगू नका.”

पाय गेले. लिफ्टवाला खड्ड्यात बसून राहिला. आयुष्यभर माणसं वर नेण्याचा धंदा केला आणि स्वतः बसलो कुठं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसूही आलं.

आधी तो पाळकांकडे गेला. कुणीतरी दुसऱ्यानं सांगावं ही त्याची खरी इच्छा होती, आणि ती त्यानं आडवळणानं मांडली. “हा विषय जरा खोल आहे, तुमच्या अधिकारातला...” पाळकांनी सगळं ऐकून घेतलं, सहमत झाले आणि म्हणाले, “वर्ग तुमचा. मूल तुमच्या तोंडून ऐकून आलंय.” मग पुटपुटले, “मला तो शब्द मुलांसमोर काढवत नाही. मोठ्यांसमोरही नाही.”

*

शनिवारी तो गुरुजींच्या घरी गेला. वाटेत वाक्यं तयार केली होती. आत्मा, देह, आशा. दाराशी पोचेपर्यंत ती तिन्ही एकमेकांत अडकली होती.

वकिलिणीनं त्याला आजोबांच्या खोलीत नेलं. आई दाराबाहेर थांबली, आत आली नाही. खोली नवरदेवाची वाट बघत असल्यासारखी सजली होती. चादरीला सुरकुती नाही, उशीशी वर्तमानपत्र, खुंटीला इस्त्रीचा शर्ट. लिफ्टवाला खुर्चीत बसायला गेला आणि आठवून पलंगाच्या कडेवर टेकला. तिनं डोळे वटारले. तो उभा राहिला.

“बाळ, मी त्या दिवशी जे बोललो ना,” त्यानं सुरुवात केली, “ते एका अर्थानं होतं.”

“किती अर्थ असतात?”

“म्हणजे... उठणं हे... आजोबा आता जिथं आहेत...”

“तेच मला विचारायचंय,” वकीलीण म्हणाली. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. “आई म्हणते झोपले. पाळक म्हणतात विसावले. शेजारीण म्हणते वर गेले. खजिनदारकाका म्हणतात आपल्यातून निघून गेले. पण मी बघितलं ना. कुठं गेले नाहीत. आणि वर तर नाहीच, खाली ठेवलं. दोरीनं. हळूहळू. मी तिथंच होते.”

मोठमोठे लोक इतका वेळ ह्या पोरीशी बोलत होते आणि एकाचाही शब्द दुसऱ्याच्या शब्दाला जुळत नव्हता. शुभवर्तमानाच्या चौघांवर तो उगाच चिडला होता.

“किती खोल असतं ते?” तिनं विचारलं.

“असतं... बऱ्यापैकी.”

“त्यांचे गुडघे दुखतात. चार पायऱ्या चढल्या की थांबायचे.” ती त्याच्याकडे मोठ्या विश्वासानं बघत होती. “तुम्ही लिफ्टवाले आहात ना? मग वर आणायचं तुम्ही बघाल?”

हाच तो क्षण होता. एक शब्द पुरला असता. लिफ्टवाल्यानं तोंड उघडलं. कमिटीला, साहेबाला, रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही तोंडावर बोलणारा, भीड म्हणजे काय ते ठाऊक नसलेला हा माणूस म्हणाला,

“बघू.”

बाहेर आई उभी होती. “सांगितलंत?”

“नाही,” तो म्हणाला. “उलट तिनं मला काम दिलं.”

तिनं काही न बोलता दार लावून घेतलं. ते बरंच झालं. ती बोलली असती तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तरांनीच तर घात केला होता.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, “मोठ्यांना शिव्या घालायला तुम्हाला एवढंसंही धैर्य लागत नाही, हे आज कळलं का?” आणि थोड्या वेळानं, “मी येते सकाळी. जवळ उभी राहणार नाही. पण येते.”

*

दफनभूमीत उजाडत होतं. गवतावर दव, सगळ्यांचे बूट ओले. मंडळी दाराजवळच्या मोकळ्या जागेत अर्धवर्तुळात उभी होती, आणि पाळक दगडी चौथऱ्यावर चढून पहिलं वाक्य म्हणत होते, जे ह्या दिवशी जगात सगळीकडे म्हणतात.

“प्रभू उठला आहे!”

“खरोखर उठला आहे!” मंडळी ओरडली.

ह्या आरोळीत लिफ्टवाल्याचा आवाज दरवर्षी सगळ्यांच्या वर असायचा. आज त्याचे ओठ नुसते हलले. त्याला वकीलीण दिसेना. आई दिसली, पहिल्या रांगेत, हातात गाण्याचं पुस्तक, नजर दुसरीकडेच. तिच्या नजरेच्या रोखानं त्यानं पाहिलं. भिंतीजवळच्या नव्या कबरेपाशी, जिथं माती अजून बसली नव्हती आणि दगडही बसवलेला नव्हता, तिथं ती उकिडवी बसली होती. शेजारी कापडी पिशवी.

तो गेला. नव्या पँटसकट चिखलात बसला.

“दोरी आणली नाहीत?” ती म्हणाली.

“नाही.”

“बरं, ते स्वतःच येतील मग.” तिनं पिशवी उघडली. इस्त्रीचा शर्ट, घडी मोडू नये म्हणून पुठ्ठ्यावर. चपला. आणि शाळेचा डबा. डबा तिनं जपून, आडवा होऊ न देता बाहेर काढला.

“खायला आणलंस?”

“नाही हो. कवळी.” तिनं झाकण उचलून दाखवलं. पाण्यात गुरुजींचे दात हसत होते. “पेल्यात होती. आई टाकणार होती, मी लपवली. तुम्हीच सांगितलंत ना, उठल्यावर आधी खायला मागतात? कवळीशिवाय त्यांना पाव पण चावत नाही. बोबडं बोलतात, मग लाजतात. एवढी माणसं आलीत.”

लिफ्टवाल्याची दातखीळ बसली. मागं पाळकांचा आवाज चढला.

“प्रभू उठला आहे!”

“खरोखर उठला आहे!”

आरोळी झाली तशी तिनं मातीकडे बघितलं. पाहुण्याची गाडी वाजली की दाराकडे बघतात तसं. तिसऱ्यांदा आरोळी झाली, तिनं तिसऱ्यांदा बघितलं, आणि ते लिफ्टवाल्याला सोसेना.

“आजोबा उठणार नाहीत,” तो म्हणाला.

“आज?”

“आज नाही. उद्या नाही.”

“गाढ झोपलेत?”

“झोपले नाहीत. मेलेत.”

शब्द बाहेर पडला. आभाळ कोसळलं नाही. भिंतीवर एक कावळा होता, तो होता तिथंच बसून राहिला. वकिलिणीनं डब्याचं झाकण लावलं आणि हलक्या आवाजात, जणू त्याच्या इज्जतीची काळजी करत, म्हणाली, “असं म्हणायचं नसतं. वाईट शब्द आहे.”

“वाईट आहेच. पण खरा तोच आहे. बाकीचे आम्ही मोठी माणसं वापरतो, कारण आमची फाटते.”

“मग वर्गात का सांगितलंत उठतील म्हणून?”

“तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला चेव आला. फेकली.”

“खोटं?”

“खोटं. ईस्टरला उठतील हे खोटं. ते कुणीही मला सांगितलेलं नव्हतं. मी टेबलावर बसून ठोकून दिलं.”

ती गप्प झाली. ह्या वेळी तिच्या गप्प बसण्याला तो घाबरला, आणि बरोबर घाबरला.

“मग येशूचं पण फेकलंत?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता. तो एवढ्या मोठ्यांदा ओरडायचा की विचारायला फट राहायची नाही. तो चिखलात बसून विचार करू लागला, आणि ती थांबली. न्यायालय थांबतं तशी.

“नाही,” तो शेवटी म्हणाला. “ते मी मानतो.”

“तुम्ही बघितलंत?”

“मी कुठून बघणार? काही बायकांनी बघितलं. त्या धावत सांगायला आल्या, तर बाप्यांनी त्यांना वेड्यात काढलं. माझ्यासारखेच होते सगळे.”

“येशू झोपला होता की मेला होता?”

“मेला होता.” इथं त्याचा आवाज पहिल्यांदा ठाम झाला. “तेही मी चुकीचं सांगितलं. झोपलेला माणूस उठला तर त्यात काय विशेष? तू रोज उठतेस. त्यासाठी कुणी पहाटे इथं येऊन ओरडत नाही. तो मेला होता. पक्का. आजोबांसारखा. म्हणून तर ईस्टर.”

तिनं ते तपासून पाहिलं. “मग आजोबा मेलेत, म्हणजे ते पण...”

“उठतील असं मी मानतो. कधी, ते ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे म्हणतो तो फेकतो. तू मोठी होशील, म्हातारी होशील, तुझी स्वतःची कवळी होईल, तोवर तरी नाही बहुतेक.”

“मग तोवर?”

“तोवर नाहीत ते.”

एवढंच. पुढं जोडायला त्याच्याकडे काही नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही जोडलंही नाही. वकीलीण डबा मांडीवर घेऊन बसली. तिचा खालचा ओठ जरासा हलला.

“काका, म्हणजे आता आवाज केला तर चालेल?”

“कसला आवाज?”

“झोपलेल्या माणसाजवळ रडायचं नसतं ना. जाग येते. म्हणून मी रडले नव्हते.”

लिफ्टवाल्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला उचलून त्या दवाखान्याच्या खड्ड्यात पुन्हा टाकावं आणि वरून दार लावून घ्यावं.

“चालेल,” तो म्हणाला. “हवा तेवढा आवाज कर.”

तिनं केला. पाळक त्या वेळी प्रार्थनेच्या मधोमध होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि भिंतीकडून असा हंबरडा आला की अर्धं वर्तुळ एकदम उघड्या डोळ्यांनी वळलं. आई पुस्तक टाकून धावत आली. वकीलीण उठून तिच्या कमरेला बिलगली आणि चर्चच्या साऱ्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आई, आजोबा मेलेत! झोपले नाहीत, मेलेत!”

खजिनदारांनी डोळे घट्ट मिटून घेतले. पाळक चौथऱ्यावर तसेच उभे, हात उचललेले, पुढचं वाक्य हरवलेलं. आईनं मुलीच्या डोक्यावरून लिफ्टवाल्याकडे पाहिलं. तो चिखलातून उठत होता. आता थोबाडीत बसणार, अशी त्याची खात्री होती, आणि त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

“तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“असंच? ह्याच शब्दात?”

“हो.”

“मला कुणी सांगितलंच नव्हतं,” ती म्हणाली. “सगळे विसावले, विसावले म्हणून हात हातात घेऊन गेले. मी पण विसावले म्हणत फिरत होते. दुकानात, घरी.” आणि मुलीला धरून, इस्त्रीच्या शर्टाशेजारी, ओल्या मातीत खाली बसली. मग दोघींचा आवाज झाला.

पाळक चौथऱ्यावरून उतरून आले. मंडळी त्यांच्या मागून, कुणी पुढं कुणी मागं, नव्या कबरेभोवती येऊन थांबली. पाळकांनी घसा साफ केला. एकदा नाही झाला, पुन्हा केला.

“आपले गुरुजी मेले,” ते म्हणाले. शब्द त्यांना जड गेला, पण गेला. मग आरोळी न देता, समोरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, “प्रभू उठला आहे.”

कुणी ओरडलं नाही. उत्तर तुटक तुटक आलं, एकाचं इथून, एकाचं तिथून, जणू प्रत्येकजण आधी विचार करून म्हणत होता. लिफ्टवाल्याचं सगळ्यात शेवटी आलं. त्याची बायको कधी येऊन शेजारी उभी राहिली होती हे त्याला कळलं नव्हतं. तिनं वाकून त्याच्या पँटचा चिखल झटकला.

उजेड पुरता वर आला तशी माणसं पांगली. जाता जाता लोक एकमेकांना ईस्टरच्या शुभेच्छा देत होते. लिफ्टवाल्यापुढेही हात येत होते आणि त्याला ते घेता येत नव्हते, कारण वकीलीण रडायला उठली तेव्हा डबा त्याच्या हातात आला होता. खजिनदारांनी सवयीनं विचारलं, “काय आणलंत, खाऊ?” त्यानं झाकण उचललं. खजिनदार घाईनं पुढं गेले.

वकीलीण आईचा हात धरून आली. नाक लाल, डोळे सुजलेले. तिनं डबा त्याच्या हातून काढून घेतला. “तुम्ही तिरपा धरलाय. पाणी सांडतंय.”

“आता काय करायचं त्याचं?” आईनं विचारलं, आणि ते विचारताना तिला एकदम हसू फुटलं, रडण्याच्या मधूनच, थांबवता न येणारं. “कुणाच्या तोंडात बसणार आहे ती आता?”

“घरी नेऊ,” वकीलीण म्हणाली. “टाकायची कधी ते मी सांगेन.”

“बरं बाई.”

दोघी निघाल्या. फाटकापाशी वकीलीण वळली.

“काका, पुढच्या रविवारी तुम्हीच आहात?”

“कमिटीनं ठेवलं तर.”

“मग तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढंच सांगा.”

लिफ्टवाल्यानं मनात हिशेब केला. “वर्ग लवकर सुटेल मग,” तो म्हणाला. “पाच मिनिटांत.”

“चालेल,” वकीलीण म्हणाली. “उरलेला वेळ आम्ही खेळू.”